दोन औषधांचा एक पंप

दम्याच्या माणसाला आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. पहिले, "अगंबाई, पंपापर्यंत गेलं का प्रकरण?" आणि दुसरे, "एकदा लागला की सुटत नाही बरं तो." बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण या बोलण्यापायी कितीतरी घरांत गोळ्या उशाशी आणि पंप कपाटात, अशी व्यवस्था लागलेली असते. गोळी सौम्य, इंजेक्शन जोरदार, लहान मुलाला दवाखान्यात नेऊन वाफ दिली की झाले, आणि पंप म्हणजे अगदी शेवटची पायरी, ही आपली उतरंड. वैद्यकशास्त्राची उतरंड याच्या बरोबर उलटी आहे. तिथे पंप पहिला, आणि आता तर पहिल्या दिवसापासूनच एका पंपात दोन औषधे. ती तशी का झाली, आणि आपल्याकडच्या रुग्णाच्या हातात त्यातले काय पडले, याचा हा आढावा.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला दीर्घकाळ सूज असते. धूळ, धूर, परागकण, सर्दीचा विषाणू, थंड हवा, जिने चढणे, कधी नुसते खळखळून हसणे, यांतले काहीही निमित्ताला पुरते. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास घेण्यापेक्षा सोडणे अवघड होते. छातीतून येणारी ती शिट्टी म्हणजे अरुंद नळ्यांतून कशीबशी बाहेर पडणारी हवा. म्हणजे बिघाड दोन आहेत, स्नायूंचे आवळणे आणि अस्तराची सूज. पहिला लगेच जाणवतो. दुसरा मधल्या बऱ्या दिवसांतही आत चालू असतो आणि त्याची दाद लागत नाही. म्हणून औषधेही दोन जातींची. एक नळ्या सैल करणारे, दुसरे सूज उतरवणारे. हे दुसरे म्हणजे स्टेरॉइड. नुसते पहिले औषध घेत राहणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवून पावसाळा काढणे. खोली त्या रात्रीपुरती कोरडी राहते, पण वासे कुजायचे थांबत नाहीत.

आपल्या देशाचे आकडे अस्वस्थ करणारे आहेत. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के, म्हणजे सुमारे साडेतीन कोटी लोक, भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर जातो. हे अंदाज आहेत. मृत्यूच्या दाखल्यावर दमा आणि सीओपीडी हा फुप्फुसांचा दुसरा जुनाट आजार यांची सरमिसळ होऊ शकते, हेही मान्य. तरी १३ आणि ४० यांतली दरी नुसत्या सरमिसळीने भरून निघत नाही. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत ज्यांना छातीत घरघर होते त्यांतल्या ८२ टक्के लोकांना दम्याचे निदानच मिळालेले नव्हते. आणि ज्यांना डॉक्टरांनी दमा आहे असे स्पष्ट सांगितले होते, त्यांतही रोज स्टेरॉइडचा पंप घेणारे दहांत एक नव्हते.

पंपाचा जन्म १९५६ सालचा. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेझन यांच्या दमेकरी मुलीने विचारले की केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का मिळत नाही, अशी हकिकत सांगतात. त्याआधी काचेची नळी आणि रबरी फुगा घेऊन हिंडावे लागे. पहिल्या फवाऱ्यांत एपिनेफ्रिन आणि आयसोप्रेनालिन ही नळ्या सैल करणारी औषधे होती. रुग्णांना आकाश ठेंगणे झाले. खिशात मावणारी डबी, आणि दोन मिनिटांत श्वास मोकळा.

मग १९६० च्या दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दम्याने मरणाऱ्यांची, त्यातही तरुणांची, संख्या एकाएकी वाढली. संशयाची सुई आयसोप्रेनालिनच्या जादा तीव्र फवाऱ्याकडे गेली. अमेरिकेत तो जादा तीव्र फवारा विकला जात नव्हता, आणि तिथे ही लाट आलीही नाही. १९७६ नंतर न्यूझीलंडमध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. या वेळी बोट दाखवले गेले ते फेनोटेरॉलकडे, आणि तिथल्या संशोधकांनी १९८९ मध्ये ते आकडेवारीनिशी मांडले. वापरावर बंधने आली तसे मृत्यू उतरले. औषध विषारी होते की रुग्ण त्याच्या भरवशावर घरी थांबून राहिले आणि इस्पितळात उशिरा पोचले, यावर तज्ज्ञ पुढे बरीच वर्षे भांडले. मला दुसरे कारण कमी महत्त्वाचे वाटत नाही. दोन मिनिटांत बरे वाटवणाऱ्या औषधाचा दोष हाच, की ते आजाराचे गांभीर्य झाकून टाकते.

दरम्यान १९६९ मध्ये ब्रिटनच्या ॲलन अँड हॅनबरीज कंपनीने डेव्हिड जॅक यांच्या चमूने शोधलेले साल्ब्युटामॉल बाजारात आणले. हृदयाला कमी त्रास देणारे आणि चार ते सहा तास टिकणारे. १९७२ मध्ये त्याच कंपनीने बेक्लोमेथासोन हे श्वासावाटे घ्यायचे पहिले यशस्वी स्टेरॉइड दिले. इलाजाचे दोन्ही भाग तेव्हाच हाती आले होते. साल्ब्युटामॉलचा निळा पंप लागेल तेव्हा घ्यायचा आणि स्टेरॉइडचा तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, असा नियम विलायतेत रूढ झाला. रुग्णाने त्यांतला कुठला घेतला असेल, हे सांगायला नको. निळा घेतला की लगेच बरे वाटते. तपकिरी घेतल्याने आज काहीच वाटत नाही, उद्याही नाही. तो काम करतो ते आठवड्यांच्या हिशेबाने. न जाणवणाऱ्या फायद्यासाठी रोज दोनदा औषध घेणारी माणसे थोडीच.

याची किंमत नंतर मोजली गेली. कॅनडातल्या नोंदींवरून सॅम्युएल सुइसा आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवले की आदल्या वर्षात स्टेरॉइडचा एकेक पंप जास्त वापरला गेला, तसा दम्याने मरण्याचा धोका २१ टक्क्यांनी कमी होत गेला. २०१४ मध्ये ब्रिटनने दम्याने झालेल्या मृत्यूंची एकेक फाइल उघडून राष्ट्रीय तपासणी केली. निळ्या पंपांची नोंद उपलब्ध असलेल्या मृतांपैकी ३९ टक्के लोकांना मरणाआधीच्या वर्षात बारापेक्षा जास्त निळे पंप लिहून दिलेले होते. काही जणांना तर पन्नासापेक्षा जास्त. म्हणजे आठवड्याला एक पंप संपतो आहे, आणि दवाखान्यात किंवा दुकानात कुणीच विचारत नाही की अहो, चाललेय काय?

दोन औषधे जोडण्याची कल्पना मात्र या काळजीतून आलेली नव्हती. नव्वदच्या दशकात सालमेटेरॉल आणि फॉर्मोटेरॉल ही बारा तास नळ्या सैल ठेवणारी औषधे आली. स्टेरॉइड घेऊनही ज्यांना त्रास होतो त्यांना स्टेरॉइड दुप्पट करावे की त्याच स्टेरॉइडला ही दीर्घ पल्ल्याची जोड द्यावी, असा प्रश्न होता. १९९४ च्या एका ब्रिटिश चाचणीत जोड देणे सरस ठरले. १९९७ ची 'फॅसेट' चाचणीही त्याच वाटेने गेली. प्रयोगशाळेतही या जोडीची संगती लागली. स्टेरॉइडमुळे स्नायूंवरचे ग्राहक (रिसेप्टर) वाढतात, तर नळ्या सैल करणारे औषध पेशीत स्टेरॉइडचे काम पुढे रेटते. २००० च्या आसपास सालमेटेरॉल-फ्लुटिकासोन आणि फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइड अशा जोड्या एकाच पंपात मिळू लागल्या.

लगेच एक खीळ बसली. सालमेटेरॉलची सुरक्षितता तपासायला अमेरिकेत २६ हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी सुरू होती. ती २००३ मध्ये मध्येच थांबवावी लागली. सालमेटेरॉल घेणाऱ्यांत दम्याचे १३ मृत्यू झाले, न घेणाऱ्यांत ३. औषधाच्या खोक्यावर काळ्या चौकटीतला इशारा आला. बारकाईने पाहिल्यावर ध्यानात आले की चाचणीतले कितीतरी रुग्ण स्टेरॉइड घेतच नव्हते. म्हणजे दोष दीर्घ पल्ल्याच्या औषधाचा कमी आणि त्याला एकटे सोडण्याचा जास्त. मग अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कंपन्यांकडून चार नव्या चाचण्या करवून घेतल्या, ४१ हजारांहून अधिक लोकांवर. स्टेरॉइडच्या जोडीने घेतले तर धोका वाढत नाही असे दिसल्यावर डिसेंबर २०१७ मध्ये जोडीच्या पंपांवरची काळी चौकट काढण्यात आली. एकटे दीर्घ पल्ल्याचे औषध दम्यात द्यायचे नाही, हा नियम मात्र कायम आहे. दोन्ही औषधे एकाच पंपात बंद केली की रुग्णाला आवडते तेवढे उचलता येत नाही, हा जोडीच्या पंपाचा सर्वांत मोठा गुण. माझ्या मते सोयीपेक्षा, खर्चापेक्षाही मोठा.

पुढचे पाऊल फॉर्मोटेरॉलच्या एका स्वभावामुळे शक्य झाले. सालमेटेरॉलला असर दाखवायला दहा-वीस मिनिटे लागतात. फॉर्मोटेरॉल एक ते तीन मिनिटांत काम सुरू करते, म्हणजे साल्ब्युटामॉलइतकेच झटपट, आणि टिकते बारा तास. मग रोजचा पंप वेगळा आणि धाप लागल्यावरचा वेगळा कशाला? एकच पंप सकाळ-संध्याकाळ घ्या, आणि मध्ये त्रास झाला तर त्यातलाच एखादा पफ जास्त. त्रास वाढला की रुग्ण आपोआप जास्त पफ घेतो, आणि प्रत्येक पफाबरोबर सुजेवरचे औषधही आत जाते. २००५ पासूनच्या चाचण्यांत या पद्धतीने मोठे झटके कमी झाले.

त्यानंतरचा प्रश्न होता सौम्य दम्याचा. महिन्यातून चार वेळा धाप लागणाऱ्या माणसाला रोज पंप घ्यायला सांगून तो घेत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकले होते. २०१८ च्या 'सिग्मा' चाचण्यांत अशा रुग्णांना फक्त लागेल तेव्हा ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल दिले गेले. नुसता आराम देणारा पंप वापरणाऱ्यांच्या तुलनेत मोठे झटके ६४ टक्क्यांनी कमी झाले. रोज स्टेरॉइड घेणाऱ्यांइतकेच झटके आले, पण शरीरात गेलेले स्टेरॉइड त्यांच्या सहाव्या हिश्श्याइतके. २०२१ च्या कॉक्रेन आढाव्याने साडेनऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचण्या एकत्र मांडल्या. इस्पितळ किंवा तातडीच्या विभागात जावे लागण्याची शक्यता नुसत्या निळ्या पंपाच्या तुलनेत ६५ टक्क्यांनी कमी निघाली.

१९९३ मध्ये स्थापन झालेली 'जीना' ही आंतरराष्ट्रीय संस्था दरवर्षी दम्याची मार्गदर्शक तत्त्वे काढते. २०१९ मध्ये तिने सांगून टाकले की प्रौढांना आणि बारा वर्षांवरील मुलांना नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नका, दमा कितीही सौम्य असो. पन्नास वर्षांची वहिवाट एका शिफारशीने मोडली. पाठोपाठ न्यूझीलंडने आपली तत्त्वे बदलली, २०२४ मध्ये ब्रिटननेही. २०२५ मध्ये न्यूझीलंडमधल्या शाळकरी मुलांच्या चाचणीतही जोडीच्या पंपाने साल्ब्युटामॉलपेक्षा झटके ४५ टक्क्यांनी कमी केले.

इथे थोडा संशयही बाळगायला हवा. 'सिग्मा' चाचण्यांचा खर्च तोच पंप बनवणाऱ्या कंपनीने केला होता. म्हणून मला न्यूझीलंडच्या सार्वजनिक निधीतून झालेली 'प्रॅक्टिकल' चाचणी जास्त वजनदार वाटते. तिथे औषध उघड होते, रुग्ण रोजच्या व्यवहारातले होते, आणि रोज स्टेरॉइड घेणाऱ्या गटापेक्षा मोठे झटके ३१ टक्के कमी आले. दुसरे म्हणजे, रोज स्टेरॉइड घेणाऱ्याला दिवस थोडे जास्त बरे जातात. लागेल तेव्हाच घेणाऱ्याला अधूनमधून घरघर जाणवते. या पद्धतीचा फायदा झटके आणि मृत्यू टाळण्यात आहे, रोजची प्रत्येक शिंक-खोकला मिटवण्यात नाही. आणि अमेरिकेत फॉर्मोटेरॉलची जोडी धाप लागल्यावर घ्यायला अजून मंजूर नाही. तिथे २०२३ मध्ये साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड एकत्र असलेला वेगळा पंप मंजूर झाला. गंमत अशी की बेक्लोमेथासोन आणि लेव्होसाल्ब्युटामॉल यांची जोडी आपल्या दुकानांत आधीपासून आहे. औषधे जोडण्यात भारतीय कंपन्यांचा हात कुणी धरणार नाही.

या उत्साहामुळेच आपल्या रुग्णाने खोका वाचायला शिकले पाहिजे. मुंबईच्या सिप्लाने १९७६ मध्ये दम्याचे फवारे आणले तेव्हापासून इथे पंपांची वाण पडलेली नाही. जोडीचा पंप म्हटले की दुकानात दोन वेगळ्या वस्तू निघतात. फोराकॉर्टमध्ये फॉर्मोटेरॉल आणि ब्युडेसोनाइड असते, सेरोफ्लोमध्ये सालमेटेरॉल आणि फ्लुटिकासोन. दोन्ही चांगली औषधे. पण धाप लागल्यावर घेण्याजोगी फक्त फॉर्मोटेरॉलची जोडी. सालमेटेरॉलवाला पंप रोजच्या वेळेलाच घ्यायचा, आणि तो घेणाऱ्याने आरामाचा वेगळा पंप जवळ ठेवायचा. हा फरक कितीदा सांगितला जातो, देव जाणे. प्रौढांसाठी फॉर्मोटेरॉल ६ आणि ब्युडेसोनाइड २०० मायक्रोग्रॅमच्या पंपाची जीनाने दिलेली वरची मर्यादा दिवसाला एकूण बारा पफ आहे. ती गाठायची नसते. एरवीपेक्षा जास्त पफ लागू लागले की एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जायचे. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळे पडले, पंपाचा असर टिकेना, तर थेट इस्पितळ. आणि हे बदल डॉक्टरांशी बोलून करायचे. शेजाऱ्याचा पंप आपल्याला लागू पडेलच असे नाही.

तीन औषधांच्या पंपाबद्दल थोडक्यात. दोन औषधांना तिसरी जोड टायोट्रोपियम किंवा ग्लायकोपायरोनियमची. दोन औषधांचा पुरेसा डोस घेऊनही ज्यांना झटके येतात त्यांच्यासाठी ती आहे. या घराण्याचा मूळपुरुष मात्र आपला धोत्रा. १८०२ च्या सुमारास मद्रासहून एका इंग्रज जनरलने दम्यावर धोत्रा ओढण्याची पद्धत विलायतेत नेली. तिथे शतकभर त्याच्या विड्या खपल्या, आणि धोत्र्यातल्या ॲट्रोपिनपासून पुढे ही औषधे घडली. अडुळशातल्या द्रव्यावरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन आले, ही त्याच जातीची गोष्ट. तेव्हा झाडपाल्याची हेटाळणी करायचे कारण नाही. पण अडुळशाच्या काढ्याने श्वासनलिकांची सूज उतरत नाही, हेही तितकेच खरे.

हैदराबादचा मासा मात्र वेगळ्या खात्यातला. मृग लागताना, जूनमध्ये, तिथल्या बथिनी गौड कुटुंबाकडून औषध तोंडात घातलेला जिवंत मरळ मासा गिळण्यासाठी हजारो लोक रांगा लावतात, त्यांत आपल्याकडचेही असतात. शाकाहाऱ्यांना ते गुळातून मिळते. त्याचा दम्यावर उपयोग होतो असे कुठल्याही चाचणीने दाखवलेले नाही. मासा गिळणे तसे निरुपद्रवी म्हणता येईल, पण त्या भरवशावर पंप बंद करणे नाही. पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा सर्दी-पडशाने झटके वाढतात, नेमके तेव्हा.

आता स्टेरॉइडची भीती. झटका आल्यावर डॉक्टर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात, प्रौढाला बहुधा दिवसाला ४० मिलिग्रॅम, पाच ते सात दिवस. म्हणजे दिवसाला ४०,००० मायक्रोग्रॅम. जोडीच्या पंपाच्या एका पफात २०० मायक्रोग्रॅम. वजनाने पाहिले तर एका दिवसाच्या गोळ्या म्हणजे दोनशे पफ. दोन स्टेरॉइड निराळी आहेत, ब्युडेसोनाइड जागेवर जास्त प्रभावी आहे, म्हणून हा हिशेब ढोबळच. पण गोळी सगळ्या अंगभर फिरते. पंपातले थेट नळ्यांत पडते, आणि जे गिळले जाते त्यातले बहुतेक यकृत मोडून टाकते. वर्षातून तीन-चारदा गोळ्या-इंजेक्शनांचा मारा सोसणारा माणूस पंपातल्या स्टेरॉइडला भितो, तेव्हा तो लाखाची उधळण करून दमडी वाचवत असतो. बिननावाच्या 'रामबाण' पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची उदाहरणे तर वेगळीच. मुलांची उंची खुंटते का? किंचित. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात लहानपणी काही वर्षे ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढ उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली. शाळा बुडणे, रात्री जागणे आणि वारंवार गोळ्या खाणे यांच्या पुढे हा सौदा मला महाग वाटत नाही. पण तो पालकांपासून लपवूही नये. बाकी आवाज बसणे, तोंडात पांढरी बुरशी येणे हे त्रास पफ घेतल्यावर चूळ भरून थुंकल्याने बरेच टळतात. हात थरथरणे, छातीत धडधडणे हे नळ्या सैल करणाऱ्या औषधाचे, आणि बहुधा तात्पुरते.

इतके सगळे शास्त्र शेवटी रुग्णाच्या हातात येऊन अडते. दहांतल्या सात-आठ जणांना पंप नीट घेता येत नाही. कुठल्याही दवाखान्यात रुग्णाला "घेऊन दाखवा" म्हणावे आणि पाहत बसावे. पहिला श्वास पूर्ण आत घेऊन होतो, आणि मग डबी दाबली जाते. औषध जिभेवर आणि टाळ्यावर. दुसरा डबी दाबतो आणि नाकाने श्वास घेतो. तिसरा लागोपाठ चार फवारे मारून मोकळा होतो. पुडीचे औषध ओढायच्या रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालून फिरवली, की त्यात आधी फुंकर मारणारे असतात, सगळी पूड शर्टावर. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही असतात, आणि "काही गुण नाही हो याचा" म्हणून तक्रार करतात. खरी रीत अवघड नाही. फवाऱ्याचा पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, मग सावकाश, लांब श्वास घेता घेताच डबी दाबायची, आणि दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या-एका मिनिटाने. पुडीच्या रोटाहेलरचे उलट: श्वास जोरात आणि झपकन खेचायचा, मग कॅप्सूल उघडून पाहायची, आत पूड उरली असेल तर पुन्हा खेचायचे. एकाला सावकाश आणि दुसऱ्याला जोरात. ही उलटापालट कुणी समजावली नाही, तर पंप बदलून दिलेला रुग्ण हमखास चुकतो.

फवाऱ्याला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधला पोकळ डबा, जोडला की वेळ साधायची कसरत संपते, तोंडात पडणारे औषध कमी होते, आणि मुलांत तर त्याला पर्याय नाही. तो विकत घेणे परवडत नसेल तर केपटाउनच्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवून ठेवले आहे की शीतपेयाची अर्ध्या लिटरची रिकामी प्लास्टिक बाटली हे काम चांगले करते. बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडायचे, पंप तिथे घट्ट बसवायचा, मुलाने बाटलीचे तोंड ओठांत धरायचे. झटका आलेल्या मुलांत ही बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी पडली. आपल्या खेड्यापाड्यांत बाटल्यांचा तुटवडा नाही.

घरातले कारण तसेच ठेवून पंपाकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, एवढे बोलून पुढे जातो. डासांची एक अगरबत्ती जळून जेवढे सूक्ष्म कण सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते. चुलीचा धूर, उसाचे पाचट जाळणे, दिवाळीचे फटाके, रस्त्याकडेचे गाजर गवत, ही यादी आपल्याला पाठ आहे. ब्रुफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि रक्तदाबाची किंवा काचबिंदूच्या थेंबांतली बीटा-ब्लॉकर औषधे काहींना झटका आणतात. डॉक्टर बदलला की दम्याचा उल्लेख आपण होऊन करावा.

राहता राहिला मिळण्याचा प्रश्न. फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइड जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, भारताच्या राष्ट्रीय यादीतही आहे. एका पंपाला काहीशे रुपये पडतात. साल्ब्युटामॉलचा पंप त्याहून बराच स्वस्त, आणि चिठ्ठीशिवाय मेडिकलमध्ये सहज मिळतो. ऊसतोड कामगाराने कुठला घ्यावा असे आपल्याला वाटते, आणि तो कुठला घेतो? जिथे एका औषधाचा पंप स्वस्त आणि दोन औषधांचा महाग, तिथे तत्त्वे कितीही बदलली तरी रुग्ण जुन्याच औषधावर राहतो. वर्षाला तीन किंवा अधिक आरामाचे पंप लागले तर झटक्याचा धोका वाढतो, आणि बारा लागले तर मरणाचा. हे दुकानदाराला ठाऊक असायला हवे, आणि त्याने गिऱ्हाइकाला सांगायलाही हवे.

राज्याच्या आरोग्य खात्याकडे मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फॉर्मोटेरॉल-ब्युडेसोनाइडचा पंप बाराही महिने फुकट मिळाला पाहिजे, गोळ्या-इंजेक्शनांच्या आधी तोच दिला गेला पाहिजे, आणि तो कसा घ्यायचा हे बाटलीच्या स्पेसरसह करून दाखवता येईल इतके शिक्षण तिथल्या नर्सला आणि गावातल्या आशाताईला मिळाले पाहिजे. औषध देशातच बनते. यादीतही आहे. आता ते केंद्राच्या कपाटात आले पाहिजे.